सातवी

पोलीस ठाण्यात बंदूक जमा झाली,
तंबाखूच्या डब्याचं कुणी विचारलं नाही.
घोडबंदरच्या चौदाव्या मजल्यावर
हसुकाका तो वर्तमानपत्रावर उपडा करतात.

ही नरम नाकाची. सांबराच्या फऱ्यात शिरली
आणि आतल्या आत उमलली,
अळंबीसारखी छत्री काढून.
सांबर दोन पावलं चाललं फक्त.
ही डुकराची. खांद्याच्या ढालीवर आपटून
चार आण्यासारखी चपटी;
डुक्कर तसंच अंगावर आलं.
लुंगी सारून काका मांडीवरचा व्रण दाखवतात.
सूनबाई चहा ठेवून आत जाते.
छर्रे सशाला ठीक. भेकराला मारूच नयेत.

सहा मोजून होतात.
मग एक रिकामं पितळी काडतूस.
हिला तांब्याचं अख्खं कवच होतं, टणक.
पाटोणपाड्याच्या वर, बहात्तरच्या आधीचा कुठलासा शिमगा:
भेकराच्या बरगड्यांतून सुईसारखी आरपार,
पानावर रक्त थेंबभर.
तीन दिवस शोधलं.
रडका वरठा, दगडावरचा माग वाचणारा,
ओढ्याशी थांबला, विडी पेटवली,
ती संपली तरी उठला नाही.

“गोली आत रायली तं बरी,” काका म्हणतात,
“भायेर गेली तं जनावर मरतं,
पन आपल्याला सांगत नाय.”

रात्री येऊरच्या बाजूनं काहीतरी भुंकतं.
कुत्रं असेल, सोसायटीत वीस आहेत.
काका गॅलरीचं दार सरकवतात
आणि बोट वर करून
मला गप्प बसवतात.