तिसरं मत

युवॅस्क्युलॅ, नोव्हेंबर. साडेतीनलाच बाहेर काळोख,
तळघरातल्या या खोलीत तर तो सकाळपासून मुक्कामाला.
मी तिसरी. दोघांचं जमलं नाही
की फाइल माझ्याकडे येते.

शंभरातल्या ऐंशीएक आवाजांवर हिल्का आणि तौनो
एकमेकांना न विचारता एकच आकडा लिहितात.
त्याला आमच्या अहवालात विश्वासार्हता म्हणतात,
तक्ता करून परिषदेत दाखवतात, लोक माना डोलावतात.
उरलेल्यांवर माझं पोट आहे.

चारशे सतरा. बाई. चाळिशीच्या पुढची.
मातृभाषेचा रकाना गोपनीयतेसाठी पुसलेला.
नाव सांगते तिथं बारीक शिट्टी भरली आहे,
शिट्टीनंतर: "मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते."
मागं कुठंतरी फ्रिज घुरघुरतोय.

प्रश्न चौथा. तुम्हाला कशाची आठवण येते?
वेळ नव्वद सेकंद.

ती थांबते.
नियम असा, की पाव सेकंदाहून मोठा विराम मोजायचा.
हा चार पूर्णांक दोन.
पडद्यावर सरळ रेघ दिसते. मोठी करून पाहिली
तर रेघ नाहीच, बारीक लव आहे:
श्वास, खुर्चीची कुरकुर, आणि एक आवंढा,
ज्याला आमच्या यादीत खूण नाही.

मग म्हणते, "मिनुल्ला ओन इकॅवॅ अ‍ॅइति."

म्हणायचं होतं अ‍ॅइतिअ‍ॅ.
शेवटी एक अ‍ॅ, एवढंच शेपूट.
ते असतं तर: मला आईची आठवण येते.
ते नाही, तर त्याच शब्दांचा अर्थ
माझी आई खाष्ट आहे.

काना-मात्रेचा फरक म्हणतात तो हा.
अंशवाचक विभक्ती. पुरतं हाती न लागणाऱ्या गोष्टींसाठी:
पेल्यातलं थोडं दूध, अर्ध्यावर असलेलं पुस्तक,
आणि ज्यांच्यावर आपण प्रेम करतो ती सगळी माणसं.
तीस वर्षं शिकवत आले, फळ्यावर बाण काढून काढून.
"विभक्ती चुकली" लिहिताना आज हात अडला.
विभक्त तर ती केव्हाच झाली आहे.

हिल्कानं चार दिलेत. शेरा: मला समजलं.
तौनोनं दोन. कुओपिओकडचा निवृत्त मास्तर,
शेरासुद्धा शाईनं लिहिल्यासारखा:
"अर्थ बदलतो, म्हणून दोन. माझी आईही खाष्ट होती.
तिची आठवणही येते.
पण दोन्ही मी वेगवेगळं सांगू शकतो."

मी हसले, एकटीच. मग पुन्हा ऐकलं,
कानांत प्राण आणून.
आठव्यांदा वाटलं, शेवटी काहीतरी आहे.
इ संपल्यावर आवाज लगेच तुटत नाही.
तो अ‍ॅ आहे, की नुसता उच्छ्वास,
की फ्रिज.
चाळीस मिलिसेकंद.
यंत्र म्हणतं, सांगता येत नाही.

तीन मिळाले तर तिला नागरिकत्वाचा अर्ज करता येईल.
दोन मिळाले तर पुन्हा फी, पुन्हा तारीख, पुन्हा आई.
हे मला माहीत नसावं अशी सारी रचना आहे.
आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

स्पष्टीकरणाला दोनशे अक्षरं.
लिहिलं: आशय पोचतो. खोडलं.
लिहिलं: आवंढा. खोडलं.
लिहिलं: शेवटचा स्वर संदिग्ध, फायदा उमेदवाराला.
तीन.
तौनो यावर पत्र लिहील. लिहू दे.

कॉफी आणायला वर गेले. जिन्यात फरशी ओली,
पिवळी पाटी, बादली, आणि मॉपवर हनुवटी टेकून
कुणी एक तरुण फोनवर बोलत होता
एका भाषेत, जिचा मला एक शब्दही येत नाही.
सवयीनं विराम मोजायला गेले.
एकही नव्हता.
फरशी वाळेपर्यंत मी कडेला उभी राहिले,
रिकामा मग हातात घेऊन.