नमुना क्रमांक ४१

पोशा कोळी, दिवाळे गाव. डेंग्यूतून उठलेला.
दर सहा महिन्यांनी खारघरला यायचा, दंड पुढे करून.
एकदा पिशवीतून निवट्या आणल्या माझ्यासाठी,
सिक्युरिटीने फाटकावरच अडवल्या.
"काय बोलतं गो बाय माजा रगात?"
मी म्हणायचे, अजून ओळखतंय.

टी पेशींचं असं, की
छातीच्या हाडामागच्या शाळेत
शंभरातल्या अठ्ठ्याण्णव नापास,
आणि नापास म्हणजे मरण.
उरलेल्या दोघी जन्मभर एकाच चेहऱ्यासाठी फिरतात.
बहुतेकींना तो भेटतच नाही.

बावीस वर्षं मी हे इंग्रजीत लिहिलं,
"नमुने गोळा करण्यात आले."
कोणी दिले, ते वाक्यात बसत नव्हतं.

मग तो गेला. हृदयविकार,
आमच्या विषयाबाहेरचा.
रजिस्टरमध्ये क्रमांकापुढे एक आडवी रेघ.

काल नायट्रोजनच्या टाकीतून
त्याची शेवटची कुपी काढली,
मुठीत धरून वितळवली.
पेशींना विषाणूचा तुकडा दाखवला,
रात्रभर सदतीस अंशांवर ठेवल्या.
सकाळी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात
ठिपके. शून्य पूर्णांक तीन टक्के.
आठ वर्षांनी.

संमतीपत्रावर सही करायला त्याची लेक आली, दर्शना.
आलेख बघत राहिली.
"म्हणजे बाबा..."
मी शास्त्रज्ञासारखं बोलायला तोंड उघडलं
आणि म्हणाले, ओळखतंय.

तिने कुपी मागितली, नुसती धरायला.
रिकामी आहे, मी सांगितलं.
धरली तरी.