अळणी

फ्रिजच्या दारात, कोकमाच्या बाटलीमागे,
चपात्यांच्या जुन्या डब्यात चार रोल आहेत.
एक पन्नासचा, दोन चारशेचे,
आणि एक ऑर्थो, ज्याची तारीख
माझ्या निवृत्तीच्या आधीच संपली.
घरातले म्हणतात, बांगडे ठेवायला जागा नाही.

उद्या आगरवाड्याला जायचंय.
गोकुळदास शेवटचं मीठ ओढणार.
पुढच्या साली त्या वाफ्यांत कोळंबी.
हे त्याने फोनवर सांगितलं तेव्हा
आवाजात काहीच नव्हतं,
नारळ उतरवायला माणूस येणार आहे
असं सांगावं, तसं.

म्हापशाचा कायतान काउंटरवर कोपर टेकून म्हणाला,
चारशे घे बाय, चारशेला चूक पचते.
पण मला पचवून घ्यायचं नाही.

तीस वर्षं इस्पितळाच्या काळोख्या खोलीत
लाल दिव्याखाली मी लोकांच्या बरगड्या धुतल्या,
ओल्या असताना चिमट्याला लावल्या.
तिथे निवड नव्हती.
पेटी यायची, कंपनीचं नाव कुणी वाचत नसे.
छातीत पांढरं दिसलं की डॉक्टर गप्प होत.
काळं म्हणजे हवा. काळं म्हणजे श्वास चाललाय.
म्हणून फोटोतल्या काळ्याला मी कधी भ्याले नाही.

ऑर्थोला लाल दिसत नाही.
माझ्या लाल दिव्यात तीही आंधळी असायची,
आम्ही दोघी एकमेकींना ओळखून आहोत.
पण उन्हाने तांबडी झालेली गोकुळदासाची पाठ
ती कोळसा करून ठेवील.
तेवढा हक्क मला नाही.
ऑर्थो परत डब्यात.

पन्नासचा मात्र हातातून सुटेना.
त्यात दाणा असा बारीक,
की मिठाचा दाणा वेगळा मोजता येईल,
मेरेवरच्या चिखलाची भेग, नखातली भेग, सगळी.
फक्त माणसाने थांबायला हवं.
"जरा थांब" म्हणायला हवं.

गोकुळदास कुणासाठी थांबलेला
मला आठवत नाही.
भरतीच्या वेळी मानशीच्या दाराशी
आणि ओहोटीला वाफ्यात.
लग्नातसुद्धा तो मधेच उठून गेला होता,
दार उघडं राहिलं होतं म्हणून.

रात्री दोनदा फ्रिज उघडला.
दिवा लागतो, विझतो.
शेवटी चारशेचेच दोन पिशवीत टाकले.
हे कायतानला सांगणार नाही.

दुपारी चार. मिठाचे ढीग एवढे पांढरे
की मीटर बिथरला.
त्याचं म्हणणं, जगात सगळं राखाडी आहे.
त्याचं ऐकलं तर मिठाची राख होते,
त्याच्यापेक्षा दीड स्टॉप जास्त द्यावा लागतो.
ही गोष्ट मी बरगड्यांकडून नाही शिकले,
वाया घालवलेल्या रोलांकडून शिकले.

मी मेरेवर बसून कॅमेऱ्यात रोल भरत होते.
गोकुळदास फळी टेकून जवळ आला.
यात काय असतं गे?
म्हटलं, मीठ.
चांदीचं मीठ, जिलेटिनात कालवून पट्टीवर फासलेलं.
उजेड लागला की काळं पडतं.
तो हसला नाही.
माणूस आपल्या धंद्याची थट्टा ऐकतो तसा
डोळे बारीक करून बघत राहिला.
मीठ? काळं पडतं?

मग पट्टीचं बाहेर आलेलं टोक
दोन बोटांत धरून त्याने जिभेला लावलं.
मी अडवलं नाही.
तेवढा तुकडा उजेडात तसाही जातोच.
निस्तेज बाजू जिभेला किंचित चिकटली,
सुटताना बारीकसा आवाज झाला.

अळणी, तो म्हणाला.
पाठ फिरवून वाफ्यात उतरला,
फळी पाण्याखाली घातली,
आणि सगळं पांढरं
हळूहळू आपल्याकडे ओढायला लागला.

मी घाईने झाकण लावलं.
पट्टीचं टोक अजून ओलं होतं.