इतिवृत्त

जनसुनावणी शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर ठेवलेली.
लिफ्ट नाही.
म्हणून डायलिसिसवाले तांडेल खालीच बसले
वॉचमनच्या खुर्चीत,
आणि त्यांची हरकत नातवाच्या मुठीतून वर आली,
चौरेघी वहीचं पान, घामानं दमट.

मी लिहून घ्यायला.
तीन साहेब, एक पाण्याचा जग,
भिंतीवर प्रोजेक्टरचा निळा चौकोन:
रुग्णालयाचे भवितव्य आणि नागरिकांचा सहभाग.
माणशी तीन मिनिटं.
घंटा शाळेचीच, पितळी.

फ्लोरी सिस्टर, रिटायर होऊन नऊ वर्षं झाली,
म्हणाल्या, कंपनीला द्यायच्या आधी
एकदा रात्रपाळीला या.
एका खाटेवर दोन बाळंतिणी
एकमेकींच्या पायांशी डोकं करून
कशा निजतात ते बघा, आणि मी त्या वॉर्डात
घंटा.
लिहिलं: खाटांच्या संख्येबाबत सूचना.

कासकरांना एमआरआयची तारीख मिळालीय,
पुढल्या वर्षी, फेब्रुवारीत.
"तोवर दुखणं हेच ठेवू, की बदलू?"
सगळे हसले. साहेबही.
लिहिलं: प्रतीक्षा कालावधी.

मग यशवंती सकपाळ.
आधी काही बोलल्याच नाहीत.
पिशवीतून केसपेपर काढत राहिल्या,
दहा रुपयांचे, पाचाचे, मधेच एक दोनाचा,
नवऱ्याचे, सुनेचे, काही नुसतेच घडी,
जग सरकवावा लागला.
"चार नंबरच्या खिडकीसमोर बाकडं होतं.
लाकडी. एक पाय आखूड,
खाली वीट लावलेली.
रंगकाम निघालं तेव्हा उचललं ते उचललंच.
नंबर लागेस्तोवर ह्यांना मी त्याच्यावरच निजवलं होतं.
दवाखाना कुणाला द्यायचा
ते तुमचं ठरलेलंच असेल.
बाकडं कुठे गेलं तेवढं सांगा."

घंटा वाजवायची शिपाई विसरला.
मधले साहेब माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले,
विषयाला सोडून.

रकाने तीनच: अनुकूल, प्रतिकूल, इतर.
मी पेन धरून बसलो
आणि तेवढ्यात चहा आला.

खाली तांडेल अजून तिथेच.
"माझं वाचलं का वर?"
हो म्हणालो.
जिन्यातच उलगडलं होतं मी ते पान.
एकच ओळ, नातवाच्या अक्षरात:
मी आलो होतो, एवढं लिहा.

सोमवारी सही आणायला रुग्णालयात गेलो.
चार नंबरसमोर रांग, सगळे उभे.
भिंतीला नवा पिस्ता रंग,
आणि खाली, कोपऱ्यात,
वीट आहे अजून.