पिंपळढोणा हॉल्ट : नकाशासाठी माहिती

धांडे नावाचा पोरगा आलाय सर्व्हेवाला.
उन्हात तिपाई रोवून विचारतो,
"मावशी, स्टेशन मुळात कसं होतं?
रुंद लाइन टाकायची, त्याआधी नोंद पाहिजे."

लिही मग.
फलाट एकच, आणि तो गावाकडे पाठ करून.
गाव उगवतीला, फलाट मावळतीला,
कारण जिन मावळतीला
आणि स्टेशन बांधलं ते कापसासाठी.
माणसं मागाहून चढायला लागली,
गाठींवर बसून, आधी फुकट, मग अर्ध्या आण्यात.
म्हणून गावानं शंभर वर्षं रूळ ओलांडले,
बाळंतिणींनी, नवरदेवांनी, दहावीच्या पोट्ट्यांनी,
एकदा तर आख्ख्या बँडनं,
ढोल डोक्यावर धरून.

फलाटाची उंची वीतभर.
लांबी तीन डब्यांची. गाडी चार डब्यांची.
चौथ्यातून उडी मारायची.
पंचफुलाबाई आधी सीताफळाची टोपली
दोरानं खाली सोडायची, मग स्वतःला.

साइडिंग इथं, ह्या बाभळीखालून.
रूळ उचलून नेले,
उसवलेल्या शिवणीसारखी भोकं राहिली.
पाण्याची टाकी डिझेल आलं त्या साली कोरडी पडली,
मग तिच्यात सखरू आत्राम पॉइंट्समननं कबुतरं पाळली.
पाटीवर नाव तीन लिप्यांत,
खाली समुद्रसपाटीपासूनची उंची.
समुद्र इथं कोणी पाहिला नव्हता.
सखरू म्हणे, "असन बाप्पा,
मोजला असन कोणीतरी."

खोली बारा बाय दहा. खिडकी एक.
साडेतीन फुटांवर.
कोण्या साहेबानं आखली, ठाऊक नाही,
पण तिकीट घ्यायचं तर वाकावंच लागे.
आत माझा बाप, गुणवंत डोंगरदिवे, बुकिंग क्लार्क,
छप्पन सालच्या दिवाळीत रुजू झालेला.
ज्यांच्या विहिरीवर आमची बादली चालत नव्हती
ते पाटील, ते देशमुख, ते जिनवाले शेटजी
पागोटं सावरत वाकायचे,
पैसे आत सरकवायचे,
"जंक्शन. दोन फुल, एक हाफ."
बाप पुठ्ठ्याचं तिकीट यंत्रात घालून
खटकन तारीख उमटवायचा,
मान वर न करता.
घरी ह्यावर तो एकदाच बोलला, जेवता जेवता:
"खिडकी चांगली हाये."

आणखी एक. तुझ्या कागदावर बसतंय का बघ.
बंड्यांतून सरकी सांडायची खडीत,
पावसाळ्यात रुळांच्या मधोमध पऱ्हाटी उगवायची.
ना कोणी पेरली, ना निंदली, ना फवारली.
गाडी वरून जायची.
बोंडं फुटली की आई पहाटे,
सहा-दहाच्या आधी, ओटीत वेचून आणायची.
माल रेल्वेचा की गावाचा, कोणी विचारलं नाही.
बारा वर्षांत एक उशी झाली.
आहे अजून.
एखादी सरकी राहून गेलीये आत,
कूस बदलली की कानाला टोचते.

शेवटची गाडी?
तारीख नाही सांगता येत.
बंद झाली असं कोणी म्हणालंच नाही,
दुरुस्ती आहे, म्हणाले.
आठवडाभर आम्ही पिशव्या भरून येत होतो,
पंचफुलाबाईची सीताफळं डोळे उघडून काळी पडली.

धांडे टेप गुंडाळतो. घोटभर पाणी मागतो,
माझ्या बाटलीला तोंड लावून पितो.
मग खोलीशी जातो,
उंचापुरा पोरगा,
गुडघ्यांवर हात ठेवून
खिडकीतून आत बघतो बराच वेळ.
तसाच विचारतो,
"मावशी, हिची उंची किती म्हणालात?"

साडेतीन, मी म्हणते.
पण तू टेप लाव.