दोन प्रती

अर्जाच्या दोन प्रती करायच्या असतात.
एक पूर्ण, पिवळ्या पाकिटात, लाखेचा ठसा मारून.
दुसरी कोणीही मागितली तर दाखवायची.
तिच्यावर काळं फासायचं काम माझं.

गिरड फाट्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये आमची कंपनी.
तीन टाक्या, एक लॅब,
आणि मी, पुष्पलता पाचघरे, बी.एस्सी.,
हातात जाड मार्कर.

मुंधडा शेठ पहिल्याच दिवशी म्हणाले,
विष तर सगळ्यांनाच ठाऊक आहे, बाई.
आपलं जे काही आहे ते
विष पानाला धरून ठेवणाऱ्यात आहे.
तेवढं झाका.

मी झाकते.
पान एकतीस, तक्ता चार: नाव, टक्केवारी, पुरवठादार.
प्रत्येक पट्टीला कारण द्यावं लागतं.
नुसतं 'गोपनीय' लिहिलं की फाइल परत येते,
दोनदा आली.
मार्कर मारून झेरॉक्स, तिच्यावर पुन्हा मार्कर, पुन्हा झेरॉक्स,
नाहीतर उजेडाला धरली की अक्षरं वर येतात.
हे मला कोणी शिकवलं नाही.

आमच्या गावी झिबल टेकाम विंचवाची मुळी उगाळायचा,
लोकांकडे पाठ करून.
"नाव सांगतलं का गुण जाते, पोरी."
तो गेला. मुळी असेलच अजून कुठल्याशा धुऱ्यावर,
शेळ्या खात असतील.
मला तेव्हा त्याचा फार राग आला होता.

शेठचा येत नाही. शेठ पगार देतात.
आणि परवाच्या वर्षी, कोणीतरी तक्ता चार फोडला
आणि आमच्याआधी आमचाच डबा बाजारात आला,
तेव्हा लॅबमधले अरगुलेवार सर
दोन दिवस डबा न उघडता घरी घेऊन गेले,
तेही मी पाहिलं आहे.

गुरुवारी सरकारी दवाखान्यातून फोन.
डॉक्टर येरणे. फवारणीवरचा माणूस आणलाय.
विषाचा उतारा दिला, विष उतरतंय,
पण छातीत जे वाजतंय ते विषाचं नाही.
लेबलवर लिहिलंय 'इतर घटक, पुरेसे'.
पुरेसे म्हणजे काय हो?

शेठ इंदूरला, फोन बंद. सर रजेवर.
मी म्हटलं, लेखी मागणी लागते.
ते म्हणाले, पाठवतो, आधी सांगा.
मी म्हटलं, माणसाचं नाव तरी?
ते गप्प. मग म्हणाले,
रुग्णाचं नाव आम्हाला देता येत नाही, मॅडम.

दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.
तारेतून कोणाचं तरी खोकणं ऐकू येत होतं.

पिवळं पाकीट कपाटात, चावी शेठकडे.
पण जे मी झाकते ते मला पाठ असतं.
दाराकडे पाठ केली
आणि एकेक अक्षर सांगितलं,
स्पेलिंग दोनदा, टक्के एकदा.

शनिवारी लेखी मागणी आली.
माणसाचं नाव झाकलेलं,
मार्करचा एकच हात, घाईतला.
उजेडाला धरली असती तर दिसलं असतं.

पंच केली. फाइलला लावली.