लेस काढल्यावर

पोस्टलथ्वेट बाईंचा गृहपाठ होता:
शब्दाचं शेपूट छाटा, कोकरांचं छाटतात तसं,
'लेस' काढा आणि काय उरतं ते लिहून आणा.
केअरलेसमधून केअर उरली,
होपलेसमधून होप,
आणि रूथलेसमधून
को-ऑपच्या गल्ल्यावरची रूथ डिक्सन,
जी कुणाला एक पेनीसुद्धा सोडत नसे.

आजोबांच्या कोशाचा पुठ्ठा उंदरांनी खाल्लेला.
आत सापडलं: रूथ, म्हणजे कणव;
दुसऱ्याचं पाहून पोटात कालवणं.
आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत:
आता वापरात नाही.
मी विचारलं, मग गेली कुठे?
आई म्हणाली, बूट घाल, कंदील घे.

एप्रिल अर्धा सरला होता, तरी डोंगरावर बर्फ पडत होतं.
गोठ्यात एक मेंढी
आपलं मेलेलं कोकरू चाटत होती,
चाटून चाटून त्याला उठवणार होती.
पलीकडे पोत्यावर दुसरं, आईविना, थरथरणारं.
त्याला हिच्याकडे सरकवलं
की ही डोक्यानं उडवून लावी.

शेजारची हिल्डा टायसन आली.
एप्रनला चाकू पुसला,
मेलेल्या कोकराचं कातडं उतरवू लागली,
झोपलेल्या पोराचा स्वेटर काढावा तसं:
आधी पाय,
मग मान, जपून.
वाफ निघत होती अजून.
मग तोच ओला अंगरखा
जित्याच्या अंगात चढवला,
चार भोकांतून चार पाय.

मी नऊ वर्षांचा. ओरडलो,
तू रूथलेस आहेस!
तिनं वर पाहिलं नाही.
"उजेड हलतोय," एवढंच म्हणाली.

मेंढीनं शेपटीपाशी हुंगलं.
थांबली.
पुन्हा हुंगलं, बराच वेळ.
मग घशातून खोल, घोगरं काहीतरी बोलली,
आणि कोकरू कासेला ढुशा देऊ लागलं.

हिल्डा बाहेर बर्फात हात घासत होती.
"बिचारं," ती म्हणाली.
मेलेलं, की जगलेलं,
की दारात कंदील धरून रडणारं,
मी विचारलं नाही.

सोमवारी वहीत रूथपुढची जागा कोरी होती.
बाईंनी लाल शाईनं लिहिलं: राहून गेलं?

चौथ्या दिवशी कातड्याला वास सुटला.
हिल्डानं ते कापून खड्ड्यात टाकलं.
मेंढीनं वळूनही पाहिलं नाही,
दूध चालू होतं.